वाय. ई. टी. ओ.

सोमवार, ६ जानेवारी २००३

नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी वही. बाबा म्हणाले, रोजनिशीचं तुझं खूळ आठ दिवसांत उतरेल. मी म्हटलं, पैज. पैज कशाची ते मात्र ठरलं नाही.

घर म्हणजे विरार पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मिरजेचं सामान त्यात मावेना, म्हणून देव्हारा आणि आईचा फोटो दोन्ही फ्रीजवर चढले आहेत. नमस्कार करताना बाबांना टाचा उंचवाव्या लागतात आणि मला हसू आवरत नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. भाऊ नाही, बहीण नाही, आम्ही दोघंच. बाबांना मिरज सोडायची नव्हती. त्यांचा कट्टा, त्यांची पेन्शनर मंडळी, सगळं तिथं. मी दोन महिने भांडले आणि जिंकले. एकट्या माणसाला काही झालं तर बघायला कोण, हा माझा हुकमी एक्का होता आणि त्यावर टाकायला त्यांच्याकडे पान नव्हतं.

हॉस्पिटल कळंबच्या रस्त्याला आहे. ट्रस्टचं, शंभर खाटांचं. रिक्षातून उतरलं की आधी समुद्राचा वारा लागतो आणि मग फिनेलचा वास येतो. पस्तीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि त्या सगळ्यांची मालकीण मी! ऑफिस सुपरिंटेंडेंट सॅन्टन सर, वय अठ्ठावन्न, खिशाला दोन पेनं. पहिल्या तासापासून मला लेकीसारखं ‘बाय’ म्हणायला लागले. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, पण स्वतः काही आत आले नाहीत. एसी सोसत नाही म्हणाले.

माझ्याआधी रॉबर्ट नावाचे गृहस्थ हे काम पाहायचे. ते कुठे असतात असं विचारलं तर सर ‘रॉबर्ट गेले’ एवढंच बोलले. इथली माणसं गल्फला जातात हे मला मिरजेतही ठाऊक होतं. माणूस मात्र भलताच टापटिपीचा असावा. प्रत्येक वायरीला गोल अक्षरातली चिठ्ठी लावून ठेवली आहे. अशा माणसाच्या मागून काम करायला मिळणं हे नशीबच म्हणायचं.

गुरुवार, ९ जानेवारी

टापटिपीबद्दलचे शब्द अर्धे मागे घेते. वायरी नीट आहेत, पण सर्व्हरच्या आत नुसता गोंधळ. कुणाला काय उघडता यावं ते माणसागणिक वेगळं लावलंय. एक सिस्टर रजेवर गेली की तिच्या जागी आलेलीला बारा ठिकाणी हक्क द्यायचे आणि ती परत आली की बारा ठिकाणचे काढायचे. मी आल्या आल्या जाहीर करून टाकलं की आता सगळं गटांवर चालेल. हक्क गटाला द्यायचे आणि माणूस गटात टाकायचा. सिस्टर गटात आली की वॉर्डाची सगळी कागदपत्रं तिला उघडली. गटातून काढली की सगळी बंद.

जेवताना बाबांना हे समजावलं. त्यांनी मिरजेच्या आर.एम.एस.मध्ये चौतीस वर्षं टपाल निवडलं. त्यामुळे त्यांना लगेच कळलं. म्हणाले, म्हणजे खण. गावाचं नाव खणाला, पत्र खणात. मी म्हटलं, अगदी बरोबर, फक्त इथं एकच पत्र दोन खणांत असू शकतं. ते त्यांना आवडलं नाही. आणि एक खण उचलून दुसऱ्या खणात ठेवता येतो म्हटल्यावर तर त्यांनी घासच खाली ठेवला. खणात खण घातलास तर आतलं पत्र कुठं पोचेल ते निवडणाऱ्यालाही सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, आता बैलगाडीतून उतरा.

रॉबर्टनी एकच गट केलेला सापडला. नाव इंग्रजी अक्षरांत, वाय. ई. टी. ओ. आठ माणसं त्यात. डेल्फिन म्हणून कुणी आहे, दोन-तीन सिस्टर असाव्यात, आणि शेवटचं नाव खुद्द रॉबर्टचं. गल्फला जाऊन बसले तरी स्वतःचं खातं बंद करायला विसरले! या गटाला केसपेपर उघडता येतात, छापता येतात आणि स्वतःचं एक वेगळं फोल्डर आहे. सॅन्टन सरांना फोनवर विचारलं, वाय, ई, टी, ओ म्हणजे काय हो? त्यांना काही बोध झाला नाही. रॉबर्टचं काहीतरी असेल बाय, हात नको लावू, म्हणाले. बाबांचा अंदाज असा की ‘यंग एम्प्लॉयी’वरून काहीतरी असणार. पुढचं टी. ओ. त्यांना जुळवता आलं नाही. झोपेपर्यंत जुळवत होते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. डबाभर तिळगूळ नेला आणि बाबांनाही नेलं. घरात बसून ते भिंतीवरच्या पाली मोजायला लागले आहेत.

नेलं ते बरंच झालं. खाली ओपीडीच्या खिडकीशी ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांचे फॉर्म भरून द्यायला दोन स्वयंसेवक बसतात. राजोडीच्या जिजाबाई, सत्तरीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्या फॉर्म भरत नाहीत, भरणाऱ्याला धीर देतात. आणि कळंबचे जॉन अंकल, जहाजावर भांडारी म्हणजे स्वयंपाकी होते, आता गुडघे गेलेत. बाबा त्यांच्याशी बोलायला म्हणून वाकले ते तासाभराने तिसऱ्या खुर्चीत बसून फॉर्म भरताना दिसले. मिरजेचं टपाली अक्षर! सॅन्टन सर खूश. उद्यापासून रोज यायचं ठरलं.

मला जिजाबाईंनी पाहताक्षणी ताब्यात घेतलं. “पोरी, आधी पानी पी, मंग तुझा कंप्यूटर,” म्हणाल्या. प्यायले.

सोमवार, २० जानेवारी

आज खिडकीवर कॉम्प्युटर बसवला. बाबांना दोन बोटांनी टाइप करायला शिकवलं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि प्रत्येक अक्षरापूर्वी बोट हवेत धरून विचार करतात. लोक रांगेत उभे आणि बाबा ‘क’ शोधताहेत. पण कुणी रागावत नाही.

तिघांची खाती उघडली, ‘स्वयंसेवक’ नावाचा गट केला आणि तिघांना त्यात घातलं. आता त्यांना केसपेपर उघडणं आणि छापणं एवढेच हक्क हवे होते. तेवढेच हक्क वाय. ई. टी. ओ.ला होते. म्हणून मी ‘स्वयंसेवक’ हा अख्खा गटच उचलून त्या गटात ठेवला. खणात खण. पाच सेकंदांचं काम. हात लावू नको असं सर म्हणाले होते खरं, पण मी कुठं काही काढलं? घातलंच.

बाबा आज घरी येताना शीळ वाजवत होते. आई असतानाही मी त्यांना शीळ वाजवताना ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

जिजाबाई काल गेल्या. दुपारी खिडकीवरून उठल्या, ओट्यावर जरा टेकते म्हणाल्या आणि तिथेच. डॉक्टर दहा पावलांवर होते तरी काही करता आलं नाही. वय झालं होतं, सगळे तेच म्हणतात. मला मात्र ते पटवून घेता येत नाही. दोनच आठवड्यांची ओळख, तरी पाण्याचा पेला उचलला की त्याच आठवतात. बाबा राजोडीला जाऊन आले. त्यांच्या वाडीत केळी घडांनी वाकल्यात, म्हणाले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जिजाबाईंचं खातं बंद करायला घेतलं. ते बंद करण्याआधी शेवटचं लॉगिन कधीचं ते बघायची मला सवय आहे. आजची तारीख होती. दुपारी दोन वाजून दोन मिनिटं.

खाली जाऊन चौकशी केली. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवलेली सापडली, म्हणजे कुणीतरी त्यांच्या नावाने बसलं असणार. मी चांगली झापाझापी केली. जॉन अंकल दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, त्या खुर्चीत आम्ही कुणाला बसू देत नाही. बाबांनीही मान हलवली. मग मला माझीच लाज वाटली. चिठ्ठी फाडली, खातं बंद केलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बंद केलेलं खातं आज उघडं आहे. दोन वाजून एक मिनिट.

दोनला सिस्टरांची पाळी बदलते. जाणारी येणारीला वॉर्डाची हकिगत सांगते, त्याला इथे ‘ओव्हर देणं’ म्हणतात. त्या गडबडीत कुणीतरी चावटपणा करतंय. सापडू दे, मग बघते.

सोमवार, १० फेब्रुवारी

जॉन अंकल शनिवारी गेले. खिडकीवरच. दुपारी. कॅन्टीनमधून सवयीने तीन चहा घेऊन बाबा परत आले तेव्हा अंकल भिंतीला टेकून बसलेले होते. बाबांनी चहा त्यांच्यापुढे ठेवला, आणि पिईनात तेव्हा कळलं.

काल मिस्सा आणि दफन. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दफनात मूठभर माती टाकली. घरी येऊन पलंगावर आडवे झाले ते आज सकाळीच उठले. मी म्हटलं, बाबा, मिरजेला चार दिवस जाऊन येऊ या. तर म्हणतात, खिडकीवर मी एकटाच उरलोय, लोकांचे फॉर्म कोण भरणार?

आज दोन वाजता जिजाबाईंचं लॉगिन. दोन वाजून एक मिनिटाने जॉन अंकलचं. मी स्वतः त्या मशीनपाशी उभी होते. बाबा त्यावर टाइप करत होते. तिथं दुसरं कुणीच नव्हतं.

उद्या त्या गटातल्या सगळ्यांची यादी छापून, लॉगिनच्या वेळांसकट सरांपुढे ठेवणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लिहिते. लिहिलं नाही तर छाती फुटेल.

मंगळवारी दीड वाजता यादी सरांच्या टेबलावर ठेवली. अकरा नावं, बाबा सोडून दहाही जणांचं लॉगिन रोज दुपारी दोनच्या सुमाराचं. वर गटाचं नाव होतं. सरांनी चष्मा लावला, ते नाव वाचलं आणि कागद टेबलावर ठेवून दिला. म्हणाले, हे फोनवर तू मला वाय, ई, टी, ओ असं एकेक अक्षर सांगितलंस बाय. हे सरळ वाच. येतो.

मी वाचलं. येतो.

निघताना जातो कुणी म्हणत नाही. घरातून निघताना, ड्यूटीवरून निघताना, सगळे येतो म्हणूनच निघतात. सरांनी नावांवरून बोट फिरवलं. डेल्फिन ही रॉबर्टची बायको, इथेच स्टाफ नर्स होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पाळीला येताना रस्त्यात गेली. दुपारी घरून येते म्हणून निघाली होती. तिचं खातं काढून टाकायचं काम रॉबर्टकडेच आलं. त्यांच्याच्याने काढवलं नाही. त्यांनी तिच्यासाठी हा गट केला आणि तिला त्यात ठेवलं. मग जी माणसं या हॉस्पिटलातून गेली, ती सगळी एकेक करून तिच्यासोबत. वॉर्डबॉय, म्हातारे डॉक्टर, दोन सिस्टर. रॉबर्ट सांगायचे की ती दोनला ड्यूटीवर येते. लोक ऐकून घ्यायचे. गेल्या जुलैत एके दुपारी ते सर्व्हरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले सापडले. ते गल्फला गेलेच नव्हते.

मी म्हणाले, सर, मी स्वयंसेवकांचा गट यात घातलाय. सरांना त्यातलं काही कळलं नाही. मी जिना चढत होते.

एक वाजून बावन्न मिनिटांनी तो गट बाहेर काढला. पाच सेकंदांचं काम. आणि मग आठवलं. माणूस लॉगिन करतो त्या क्षणी तो कुठल्या गटांत आहे ते सर्व्हर बघतो आणि तेच धरून चालतो. नंतर गट बदलला तरी आत असलेल्या माणसाला ते लागू होत नाही. त्याने एकदा बाहेर पडून परत आत यावं लागतं. बाबा सकाळी नऊ बारापासून आत होते.

खिडकीवर फोन केला. म्हटलं, बाबा, आत्ताच्या आत्ता लॉग आउट करा. म्हणाले, समोर एक बाई लेकरू घेऊन उभी आहे, एवढा फॉर्म भरतो. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. ते हसले. एवढी बाई झाली की करतो गं, म्हणाले.

मी धावले. दोन जिने. खाली पोचले तर बाई लेकराला कडेवर घेऊन शांत उभी होती. तिला वाटत होतं बाबा अक्षर शोधताहेत. त्यांचं बोट हवेतून खाली आलं होतं, ‘म’वर. पडद्यावर ‘म’ची ओळच्या ओळ उमटत होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

मिरजेत ते जिवंत राहिले असते. कट्ट्यावर बसून राजकारण केलं असतं. मीच भांडून आणलं, मीच खिडकीवर बसवलं, मीच त्या खणात घातलं. बाबा, मी जिंकले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सर म्हणतात रजा घे. रजा घेऊन जाऊ कुठे. घरी दोन ताटं आहेत.

खिडकीवरचं मशीन मी स्वतः उचलून कोठीत ठेवलं. वायर काढून. वर येऊन सर्व्हर बघितला. प्रल्हाद, बाबांचं नाव. लॉगिन ११ फेब्रुवारी, सकाळी नऊ बारा. बाहेर पडल्याची नोंद नाही. अजून आत आहेत.

‘येतो’मध्ये आता त्यांचं नाव सुटं लिहिलेलं आहे. घालणारा रॉबर्ट. ११ फेब्रुवारी, दोन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

खरं लिहिते. मला भीती वाटायला हवी. वाटते. पण सकाळी उठून मी धावत येते ती नाव दिसतंय का ते बघायला. दिसलं की जीव भांड्यात पडतो.

त्या गटाचं फोल्डर. आत रोज दोनला फाइली बदलतात. ओव्हरच्या असाव्यात. कालपासून एक नवी आहे. फाइलीचं नाव उन्नती. माझं नाव.

उघडत नाही. प्रवेश नाकारला, म्हणतं. मी, जिच्या हातात सगळ्या किल्ल्या, तिला. बळजबरीने मालकी घेऊन उघडली तर कोरी. बंद केली की परत भरलेली, आकार वाढलेला. ती फक्त गटातल्या माणसाला वाचता येते.

बाबांनी मला काहीतरी लिहिलंय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

स्वतःचं नाव ‘येतो’मध्ये घातलं. बाहेर पडून परत आत यायला हवं, नाहीतर लागू होत नाही. आले. फाइल नाही उघडली. बघते तर माझं नाव गटात नाही.

माझीच चूक असेल. परत घातलं. बाहेर, आत. नाव नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सात वेळा. सातही वेळा काढलं गेलं. बाहेर पडून आत यायला मला वीस सेकंद लागतात, तेवढ्यात.

रॉबर्टनी गटातल्या माणसांना आपल्या गटात कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं याचा हक्क दिला आहे. नावं काढल्याची नोंद सर्व्हर ठेवतो. मी शनिवारपासून ती बघायचं टाळत होते. आज बघितली.

काढणारा प्रल्हाद.
काढणारा प्रल्हाद.
सातही वेळा.

दोन बोटांनी टाइप करणारा माझा बाप. एवढं वेगाने कधी शिकले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कीबोर्डवर डोकं ठेवून रडले. मग राग आला. बाबा, मला आत यायचं नाहीये हो, मला फक्त वाचायचंय. तुम्ही माझ्यावर रागावलात का, एवढंच. मिरजेतून ओढून आणलं म्हणून रागावलात का. एकदा माफी मागू द्या.

नाव घातलं. काढलं. घातलं. काढलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं हेच करत होतो. दोन महिने भांडलो होतो तसे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सर आले. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आले. माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडदा बघितला. खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, बाय, रॉबर्ट पण असाच बसायचा, मी दारातून बघून परत जायचो, ते मला आता सहन होत नाही. माझ्या घरी चल, बायको आहे, पोरी आहेत. तुझ्या बापाने तुला बाहेर ठेवलंय, तर बाहेर राहा.

सोमवारपासून नवा माणूस येणार आहे. त्यांनीच बोलावलाय. सर्व्हर पूर्ण पुसून सगळं पहिल्यापासून घालणार. शुक्रवारी संध्याकाळी किल्ली द्यायची.

पुसणार. म्हणजे बाबांना —

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घरी गेले नाही असं नाही. गेले. आमटी केली. दोघांची झाली.

फाइल आज एवढी मोठी आहे की जुन्या फ्लॉपीत मावणार नाही. बाबा एवढं काय लिहिताय. उद्या संपणार सगळं. वाचल्याशिवाय कशी —

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुपारी एक चाळीस. दार आतून लावलंय. वही मांडीवर.

सोपं होतं. आधी का नाही सुचलं. सुचलं होतं. करवत नव्हतं.

बाबांचा हक्क काढून घेतला. गटातून कुणाला काढायचा हक्क, फक्त त्यांचा. लेकीने. एका टिचकीत.

एक सत्तेचाळीस. नाव घातलं. सर्व्हरच्या पडद्यावर नोंदी उघड्या ठेवल्यात. थांबले. वीस सेकंद. चाळीस. नाव आहे. राहिलं.

प्रल्हाद, नाकारलं.
प्रल्हाद, नाकारलं.
प्रल्हाद, नाकारलं.

ओळीमागून ओळ येतेय. बाबा, नका ना. बोटं दुखतील.

अकरा. बारा. सर दार वाजवताहेत. बाय, बाय, म्हणताहेत. दोन मिनिटं सर, एवढं झालं की —

एक अठ्ठावन्न. माझ्या मशीनवरून बाहेर पडले. आता परत आत. नाकारलं, एकोणीस. वीस. पासवर्ड टाकला. बोट एंटरवर. एकवीस. बाबा, पुरे.

आत आले. नोंदी थांबल्या. एकदम.

फोल्डर. उन्नती. उघडली. उघडली!

एकच ओळ. पानंच्या पानं तीच ओळ. मला नाही लिहिलेली, त्या बाकीच्यांना लिहिली आहे. माझ्या मुलीला घेऊ नका. माझ्या मुलीला घेऊ नका. माझ्या मुलीला —

खाली नवी ओळ उमटतेय. आत्ता. हळू. एकेक अक्षर, मध्ये थांबून, ते शोधताहेत —

बाळ

बाळ मला

बाळ मला मा

नाही बाबा, माफी तुम्ही नाही, मी मागायची, मी आणलं तुम्हाला, मी